कला-विज्ञानाच्या वर्गात उद्योजकता कशी शिकवावी: हा पेपर पहिल्यांदाच हाती आलेल्या शिक्षकांसाठी

जूनमध्ये वर्कलोडचे वाटप होते आणि आपल्या नेहमीच्या पेपरांखाली एक नवी ओळ दिसते: उद्योजकता विकास, दोन क्रेडिट. आपण वनस्पतिशास्त्राचे, इतिहासाचे नाहीतर हिंदीचे शिक्षक. कॉमर्सच्या सरांचे तास आधीच भरलेले असतात, म्हणून पेपर आपल्याकडे येतो. नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. तेव्हापासून तालुक्याच्या कॉलेजांत हे सर्रास घडते आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि उद्योजकता पाच वर्षे शिकवते आहे, आधी सर्टिफिकेट कोर्स म्हणून आणि आता क्रेडिटचा पेपर म्हणून. पहिल्या वर्षी मला कुणी सांगितले असते तर बरे झाले असते, ते सगळे इथे लिहिते.

पहिल्या वर्षी मी पुस्तकातून शिकवले. उद्योजकाची व्याख्या, उद्योजकाचे गुण, उद्योगांचे प्रकार. शेवटी प्रत्येक गटाकडून वीस पानी प्रकल्प अहवाल घेतला. त्यात दोन अहवाल अक्षरशः सारखे निघाले आणि एकात तर भलत्याच शहराची बाजारपेठ होती. झेरॉक्सच्या दुकानात तयार अहवाल मिळतात, हे मला तेव्हा कळले. पण मुलांचा राग आला नाही. कारण मी मागितलेच होते ते, कुणीही कुठूनही उतरवून देऊ शकेल असे काहीतरी.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून चालते. बीए-बीएस्सीच्या मुलांना कंपनी काढायला शिकवायचे नाही. पंधरा आठवड्यांत प्रत्येकाला एकदा तरी हा अनुभव द्यायचा की एका अनोळखी माणसाने त्याच्या कामाचे पैसे मोजले. आणि त्या पैशाचा खरा हिशेब त्याच्याकडून लिहून घ्यायचा. बाकीचे सगळे त्याभोवती येते.

वेळापत्रक लागायच्या आधी

दोन क्रेडिट म्हणजे थिअरीचे तीस तास किंवा प्रॅक्टिकलचे साठ तास. अभ्यासक्रमात मोकळीक असेल तर हा पेपर प्रॅक्टिकल म्हणून मागून घ्या. तसे जमले नाही तर निदान सलग दोन तासांचा एक स्लॉट मागा. सुट्या पंचेचाळीस मिनिटांत मुले बाजारात जाऊन परत येऊ शकत नाहीत. वेळापत्रक समितीकडे जूनमध्येच जा. जुलैत गेलात तर काही मिळत नाही.

प्राचार्यांकडून एक पत्र घ्या: या विषयाच्या कामासाठी विद्यार्थी परिसरात फिरतील, लोकांशी बोलतील, वस्तू आणि सेवा विकतील. पत्राची झेरॉक्स प्रत्येक गटाकडे द्या. मुली असलेल्या गटांसाठी ते फार उपयोगी पडते, घरी दाखवायलाही आणि दुकानदाराला दाखवायलाही. बाजारात कुणी एकट्याने जायचे नाही, दिवेलागणीच्या आत परतायचे आणि कुणाच्या घरात शिरायचे नाही, हे पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून ठेवा. पुढे एखाद्या घरी काम ठरलेच, तर घरच्यांना आणि मला आधी सांगून, दोघांनी मिळून जायचे.

गट चार-चार जणांचे करा आणि ते तुम्हीच करा. मुलांवर सोडले तर गाव, जात आणि बाकाचा क्रमांक यांवरून गट पडतात. काहींच्या घरी पिढ्यान् पिढ्या दुकान असते. काहींच्या घरी ‘आपल्यात कुणी धंदा केला नाही’ हे इतक्यांदा बोलले गेलेले असते की मुलाला ते स्वतःचेच मत वाटू लागते. हे दोघे एका गटात हवेत. आणि गटात पैसे कोण हाताळते, ओझी कोण उचलते, खाण्याच्या पदार्थाला हात कोण लावते, यावर डोळा ठेवा. कामे दर पंधरा दिवसांनी बदला. मी हे पहिल्या वर्षी केले नाही आणि एका गटात एकच मुलगा सगळे महिने फक्त टेबले वाहत राहिला. मला ते शेवटच्या आठवड्यात दिसले.

पहिला तास

व्याख्या सांगू नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगा, पण कारखान्याची नको, त्याच्या आधीची सांगा. गुर्लहोसूरचा हा मुलगा १८८५ मध्ये मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेला. काही काळाने लक्षात आले की त्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होणे संपले. यंत्रांची रेखाचित्रे मात्र उत्तम येत होती, त्याला रंग लागत नाहीत. त्या बळावर ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. मुंबईत सायकली घेऊन त्या बेळगावला भावाकडे विकायला पाठवायचे, तिथून सायकलीचे दुकान उभे राहिले. मग कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली.

इथे थांबून वर्गाला विचारा: नांगर चांगला होता, तर तो लगेच खपला का? नाही खपला. लोखंडाने जमिनीत विष उतरते, असे शेतकरी मानत होते. पहिले गिऱ्हाईक मिळायला बराच काळ गेला. वर्गातली निम्मी मुले शेतकऱ्यांची असतात, त्यामुळे चर्चा आपोआप पेटते. आमच्या वर्गात एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, माझ्या आजोबांनी ठिबक पहिल्यांदा बघितलं तेव्हा असंच म्हणाले होते, एवढ्याशा थेंबानं ऊस जगतो होय?’ बाजार नावाची गोष्ट या वर्गाला समजवायला याहून चांगली सुरुवात मला अजून सापडलेली नाही. शिवाय चित्रकलेच्या वाटेने गेलेल्या मुलाची ही गोष्ट आहे, हे बीएच्या मुलांच्या लक्षात राहते.

दुसरा आठवडा: कल्पना विचारू नका

‘तुमची बिझनेस आयडिया काय?’ हा प्रश्न सुरुवातीला विचारलात तर तीस जणांत दहा ॲप, आठ कॅफे आणि पाच टी-शर्टचे ब्रँड येतील. त्यांतले काहीच त्यांच्या हातात नसते.

व्हर्जिनिया विद्यापीठातील प्राध्यापक सरस सरस्वती यांनी २७ अनुभवी उद्योजकांना एकच समस्या देऊन, ती सोडवताना ते मोठ्याने कसा विचार करतात हे टिपले. २००१ मध्ये त्यांनी ते मांडले. त्यांचे स्वयंपाकाचे उदाहरण आपल्याकडे तर सहज पटते. एक आचारी मेनू ठरवतो आणि मग सामान आणायला जातो. दुसरा डबे उघडून बघतो, घरात काय आहे ते पाहतो आणि त्यातून काय होईल ते करतो. अनुभवी उद्योजक बहुधा दुसऱ्या वाटेने जातात. पाहुणे अचानक आले की आपली आई काय करते, ते आठवायला सांगा. वर्गाला लगेच समजते.

मग प्रत्येकाने वहीच्या एका पानावर तीन गोष्टी लिहायच्या. मी कोण आहे, मला काय येते, मी कुणाकुणाला ओळखतो. ‘मला काहीच येत नाही’ असे निम्मा वर्ग लिहितो. तिथे तुम्ही प्रत्येकाच्या बाकापाशी जायला हवे. याला पूर्ण दोन तास द्या, घाई करू नका. एक मुलगी असेच कोरे पान घेऊन बसली होती. ‘घरी गेल्यावर काय करतेस?’ म्हणून विचारले, तर म्हणाली, आईच्या ब्लाउजच्या ऑर्डरी लिहून घेते, मापे घेते, कुणाकडे किती उधारी राहिली ते मीच बघते. महिन्याला चाळीस-पन्नास गिऱ्हाइके ती सांभाळत होती. तिच्यासाठी ते येणे नव्हतेच, ते घरकाम होते. त्या दिवशी तिच्या पानावर सहा ओळी झाल्या.

तिसरा-चौथा आठवडा: घरचा हिशेब

हिशेब शिकवायला ताळेबंदाची गरज नाही. गृहपाठ द्या: घरात जे काही विकले जाते, दूध, भाजी, शिवण, टमटमची फेरी, मजुरी, त्याच्या एका नगाचा खर्च काढून आणा.

आमच्याकडे दुधाचा हिशेब दरवर्षी येतो. वैरण, पेंड, डॉक्टर, औषध, गोठ्याचे वीजबिल असे मांडून मुलगा लिटरमागे इतके सुटतात म्हणून सांगतो. मग मी एवढेच विचारते, धारा कोण काढते? शेण कोण काढते? पहाटे पाचला कोण उठते? ‘आई.’ तिची मजुरी कुठे लिहिलीस? वर्ग गप्प होतो. मग गावात बाईला रोजंदारीचे काय मिळते ते मुलेच सांगतात, तासाचा दर काढतात, तो खर्चात घालतात. बऱ्याचदा जो नफा वाटत होता तो आईची न मोजलेली मजुरीच निघते. या तासाला मी कधीच दुसरे काही घेत नाही. मुलांना जे दिसायचे ते दिसलेले असते.

यानंतर चार शब्द पक्के करून घ्या: कच्च्या मालाचा खर्च, मजुरी (स्वतःची धरून), वाहतूक आणि नासधूस. खेळते भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला हाताशी लागणारा पैसा, आणि उधारी यांचे नाते पुढच्या पायरीला बाजारात आपोआप कळते.

पाचवा आठवडा: बाजारात कान देऊन

प्रत्येक गटाने तीन लहान व्यावसायिकांशी बोलायचे. रसवंती, सलून, कृषी सेवा केंद्र, पापड-लोणची करणारा बचत गट, मोबाइल दुरुस्तीवाला. सकाळची बोहनी झाल्यावर, दुपारच्या निवांत वेळी जा. गर्दीत गेलात तर हाकलून देतील, आणि ते बरोबरच आहे.

प्रश्न कमी ठेवा. पहिले भांडवल कुठून आणले? उधारी किती अडकलेली असते आणि ती वसूल कशी करता? कोणत्या महिन्यात धंदा बसतो? शेवटचा मोठा तोटा कशात झाला? नफा किती, हे पहिल्या भेटीत विचारायचे नाही. लिहायचे ते बाहेर आल्यावर, समोर वही काढली की माणूस अवघडतो. मुले परत येतात ती फार वेगळी होऊन. उसाचा रस विकणारे काका पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी उन्हाळ्यातच पैसे बाजूला टाकतात, हे ऐकून आलेल्या मुलाला खेळते भांडवल समजवायची गरज उरत नाही.

सहावा आठवडा: शंभर रुपये

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात टीना सीलिग यांनी विद्यार्थ्यांच्या गटांना पाच डॉलर आणि दोन तास देऊन ‘जमतील तेवढे पैसे मिळवा’ असे काम दिले होते. सर्वांत जास्त कमावणाऱ्या गटांनी ते पाच डॉलर वापरलेच नाहीत. एका गटाने तर वर्गापुढे सादरीकरणासाठी मिळालेली आपली तीन मिनिटे विद्यार्थ्यांची भरती करू पाहणाऱ्या कंपनीला ६५० डॉलरला विकली. मी हे आपल्या परिस्थितीनुसार करते. प्रत्येक गटाला शंभर रुपये, एक आठवडा. पैसे विभागाच्या निधीतून घ्या. मुलांच्या खिशातून घेऊ नका. शंभर रुपये परत करायचे, वरचे गटाचे. तोटा झाला तर परत मागायचा नाही, फक्त हिशेब द्यायचा.

रक्कम लहान ठेवण्यामागे कारण आहे. किती मिळेल याचा अंदाज नवख्या माणसाला करता येत नाही, पण किती बुडाले तर झेपेल हे प्रत्येकाला सांगता येते. गिरगावात १९५९ मध्ये सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत पापड उभा राहिला. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली होती. हा आकडा मी फळ्यावर आठवडाभर ठेवते.

एक अट मात्र सोडू नका: गिऱ्हाईक ओळखीचे नको. गॅदरिंगमधल्या आनंद मेळाव्यात भेळेचे स्टॉल लावून उद्योजकता शिकवल्याचे समाधान मिळते, पण तिथे मित्र मित्राकडून भेळ घेतो आणि सर कौतुकाने पन्नासची नोट देऊन सुटे परत घेत नाहीत. त्यातून काहीच कळत नाही. नातेवाईक, वर्गमित्र आणि शिक्षक यांना विकलेले हिशेबात धरायचे नाही, असा नियम करा. स्टाफरूममध्येही सांगून ठेवा. सहकारी मायेने खरेदी करतात आणि मुलांचे शिकणे तिथेच थांबते.

एका गटाचा हिशेब

बीएस्सीच्या एका गटाने तुळस, गवती चहा, पुदिना अशी रोपे छोट्या कुंड्यांत लावून विकली. शंभर रुपयांत ते भागणारे नव्हते, म्हणून वरचे पैसे त्यांनी आपल्या मनाने स्वतःचे घातले होते. त्यांचे पान माझ्याकडे आहे. वीस कुंड्या ३६० रुपये. माती, शेणखत, कोकोपीट २४०. रोपे २००. रिक्षा १५०. एकूण ९५०. विक्रीचा भाव कुंडीला ६० रुपये. वीस कुंड्यांचे १,२०० होतील, २५० रुपये नफा, असे मांडून ते खुशीत होते.

मग तीन रोपे मेली. सतरा विकली गेली, १,०२० रुपये आले. नफा ७० रुपये. मी म्हटले, आता तास लिहा. माती कालवणे, लावणे, पाणी घालणे, सोसायटीच्या दाराशी उभे राहणे, सगळे मिळून चौघांचे चौदा तास निघाले. तासाला पाच रुपये. पान पुढे सरकवून गटातली एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, हे तर रोजगार हमीपेक्षा वाईट आहे.’

इथे शिक्षक म्हणून तुमची कसोटी असते. तुम्ही ‘भाव वाढवा’ म्हणालात तर उत्तर तुमचे झाले. मी त्यांना सतरा गिऱ्हाइकांकडे परत पाठवले. विकायचे काही नाही, फक्त विचारून यायचे: कुंडी का घेतलीत, आता रोप कसे आहे? नऊ जण भेटले. सहा जणांची रोपे सुकत चालली होती. चौघींनी आपणहून सांगितले की बाल्कनीत आधीच्याही कुंड्या आहेत, पाने पिवळी पडतात, पांढरी कीड लागते, काय करायचे कळत नाही, माळी एवढ्याशा कामाला येत नाही.

दिवाळीनंतर त्या गटाने कुंड्या विकणे बंद केले. महिन्यातून दोनदा बाल्कनीत येऊन माती मोकळी करायची, खत घालायचे, कीड दिसली तर निंबोळी अर्क फवारायचा, वाळलेले छाटायचे, याचे घरामागे महिन्याला १५० रुपये. कॉलेजचे पत्र दाखवून, दोघे-दोघे मिळून, घरी सांगून जायचे. आठ घरे मिळाली, १,२०० रुपये. खत-अर्काचा खर्च १६०. दोन फेऱ्यांचे मिळून आठ तास. तासाला १३० रुपये पडले. कुंडी बाजारात कुणीही विकतो. पिठ्या ढेकूण म्हणजे काय आणि तो पानामागे कुठे बसतो, हे त्यांना प्रॅक्टिकलमध्ये शिकवलेले होते. त्या १३० रुपयांत आपल्याच विषयाचे पैसे आहेत, हे त्यांनी मला सांगितले, मी त्यांना सांगितले नाही.

विषय हेच भांडवल

म्हणून सातव्या आठवड्यापासून पुढे प्रत्येक गटाला त्यांच्या मुख्य विषयातून काम शोधायला लावा. इतिहासाच्या मुलांसाठी माझ्या मनात पहिली येते ती मोडी. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध जोरात सुरू झाला आणि मोडी वाचू शकणाऱ्या माणसांची गरज गावोगाव जाणवू लागली. त्याआधीही जुने दस्त, वतनाचे कागद, देवस्थानच्या वह्या घराघरांत पडून होत्याच. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. एका सत्रात कुणी जाणकार होत नाही, आणि अर्धवट वाचन करून कुणाच्या जमिनीच्या किंवा दाखल्याच्या कागदाला हात लावायचा नाही, हे बजावून सांगा. पण जुने कागद स्वच्छ करून, स्कॅन करून, यादी करून देण्याचे काम शिकाऊ मुलेही नीट करू शकतात.

मराठी-हिंदी-इंग्रजीची मुले दुकानांच्या पाट्या, जाहिरातीची पत्रके, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल यांचे शुद्धलेखन तपासून देऊ शकतात. आमच्या गावातल्या एका छापखान्याने लग्नपत्रिकांची प्रुफे पत्रिकेमागे वीस रुपयांनी तपासून घ्यायला सुरुवात केली, कारण नावातली एक चूक झाली की शंभर पत्रिका फुकट पुन्हा छापाव्या लागतात. भूगोलाची मुले पर्यटनाच्या ठिकाणी चांगला नकाशा आणि माहिती असलेली पायवाट-फेरी घेतात. मानसशास्त्राच्या मुलांना समुपदेशन विकू देऊ नका, ते त्यांचे शिक्षण नाही. अभ्यासाचे वेळापत्रक लावून देणे इतपत ठीक.

रसायनशास्त्राचे गट हमखास साबण आणि फेसपॅककडे वळतात. अंगाला लावायच्या वस्तू बनवून विकायला सौंदर्यप्रसाधनांचा उत्पादन परवाना लागतो. तो नसताना विकणे गुन्हा आहे. त्यांना पाण्याचा सामू, क्षारता आणि मातीची साधी तपासणी यांकडे वळवा. अहवालावर ‘शैक्षणिक तपासणी’ असे स्पष्ट लिहायला लावा.

कायदा, परवाने आणि एक मोठा धोका

यावर दोन तास पुरे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, १ जुलै २०२० पासून सुरू आहे, सरकारी संकेतस्थळावर होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. त्याच नावासारखी खासगी संकेतस्थळे शुल्क घेतात, ते पडद्यावर शेजारी शेजारी दाखवा. वस्तू विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या वर आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणीची वेळ येते, राज्याबाहेर विक्री केली तर नियम आणखी वेगळे. खाद्यपदार्थ नियमित विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी, कितीही लहान असलात तरी. एवढे पुरते. खासगी मर्यादित कंपनीचे कलम त्यांना आत्ता नको.

पूर्ण वेळ द्यायचा तो चेन मार्केटिंगला. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना हॉटेलच्या हॉलमध्ये बोलावून, ‘स्वतःचा बिझनेस’ म्हणून, दहा-पंधरा हजार भरून घेतले जातात. आमच्या एका विद्यार्थ्याने आईची बोरमाळ गहाण ठेवली होती. उद्योजकतेचा पेपर शिकलेल्या मुलांना तर हे लोक त्याच शब्दांनी गाठतात: स्वतःचे मालक व्हा, नोकरी करू नका. म्हणून ओळखायची खूण हातात द्या. पैसा वस्तू विकून येतो की नवी माणसे भरून? माणसे भरून येत असेल तर तो पिरॅमिड आहे. पैशांची अशी साखळी चालवण्यावर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे आणि २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनीही पिरॅमिड योजना निषिद्ध केल्या आहेत. मुलांना एखाद्या योजनेचे पत्रक आणायला सांगून त्याचा हिशेब वर्गात मांडा. एकाने सहा, त्या सहांनी सहा-सहा, असे फळ्यावर लिहीत गेलात की सहाव्या पायरीलाच ४६,६५६ माणसे लागतात. आमचा तालुका तेवढ्यात अर्ध्याच्या आसपास भरतो.

कर्जाबद्दलही स्पष्ट राहा. या पेपरसाठी कुणीही कर्ज काढायचे नाही, मोबाइल ॲपवरून तर नाहीच.

गुण कसे द्यावेत

आमच्याकडे ५० गुणांचा पेपर आहे. नफ्याला गुण देऊ नका. ज्याच्या वडिलांचे दुकान बाजारपेठेत आहे तो जिंकेल आणि बाकीचे खोटे आकडे लिहू लागतील. मी सर्वांत जास्त गुण हिशेबाच्या वहीला देते: रोजची नोंद, यूपीआयच्या पावत्या, स्वतःची मजुरी, नासधूस, मिळालेले नकार. नकारांची पाने मुले लपवतात, म्हणून त्यांना मुद्दाम गुण ठेवले आहेत. कोण नाही म्हणाले, काय कारण दिले, त्यानंतर आम्ही काय बदलले. तोटा झालेल्या पण नीट लिहिलेल्या वहीला पन्नासपैकी पंचेचाळीस दिल्याचे कळले, की पुढच्या तुकडीचे लिखाण आपोआप खरे होते.

तोंडी परीक्षेला बाहेरचा माणूस बसवा. आमच्याकडे बसस्थानकासमोरचे हार्डवेअरवाले काका येतात. ते फक्त तीन-चार प्रश्न विचारतात, आणि त्यांतला एक ठरलेला असतो: ‘हेच काम उद्या दुसऱ्याने शेजारी सुरू केलं तर तुझं गिऱ्हाईक तुझ्याकडं का येईल?’ मुले मला घाबरत नाहीत तेवढी त्यांच्या या प्रश्नाला घाबरतात आणि आठवडाभर आधी तयारी करतात. विद्यापीठाच्या नियमात परीक्षक शिक्षकच असावा लागतो, त्यामुळे गुण तुम्ही द्या, प्रश्न त्यांना विचारू द्या.

मुलगी धंद्यात उतरते म्हणून, किंवा मुलगा स्पर्धा परीक्षा सोडील म्हणून, पालक भेटायला येतात. त्यांच्याशी वाद घालू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला कमवा आणि शिका रुजवले, त्यावर शिकलेली माणसे प्रत्येक गावात आहेत. बऱ्याचदा समोर बसलेल्या पालकांचे वडीलच त्यातले निघतात. तिथून बोलणे सोपे होते.

पुढे जाऊ पाहणाऱ्यांसाठी

साठांपैकी दोघे-तिघे पुढे काम चालू ठेवू म्हणतात. त्यांना भाषण नको असते, पत्ता हवा असतो. जिल्हा उद्योग केंद्र प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. तिथे एकदा स्वतः त्यांच्याबरोबर जा, कारण पहिल्यांदा सरकारी कार्यालयाची पायरी चढताना मुले दारातूनच परत येतात. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून प्रशिक्षण देते, त्याचेही जिल्ह्यात कुणी ना कुणी असते. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात बँकेच्या कर्जाबरोबर अनुदान मिळते. मुद्रा योजनेत शिशू गटाची कर्जाची मर्यादा ५० हजार. पण अर्जाआधी निदान सहा महिन्यांची हिशेबाची वही हवी, असे मी सांगते. बँकेतल्या साहेबांसमोर ती वही ठेवली की बोलण्याचा सूर बदलतो. त्या ब्लाउजवाल्या मुलीच्या बाबतीत मी ते शेजारच्या खुर्चीवर बसून पाहिले. साहेबांनी आधी ‘तारण काय?’ विचारले होते. वही चाळल्यावर त्यांनी विचारले, ‘लग्नसराईत ऑर्डरी दुप्पट होतात, मग दुसरं मशीन अजून का घेतलं नाही?’

सत्र संपल्यावर सगळ्या वह्या मुलांना परत देऊ नका. दोन मागून घ्या, एक चांगल्या नफ्याची आणि एक तोट्याची, नावे झाकून, परवानगीने. माझ्या कपाटात अशा दहा झाल्या आहेत. तासाला पाच रुपये वाली सर्वांत वर असते, जूनमध्ये ती आधी वर्गात फिरते.